क्रिमिनल जस्टिसचं न बसणारं गणित

परदेशातल्या ट्रॉय गावचं आमचं घर आठवलं की मला आधी त्याचे आवाज ऐकू येतात. तळघरातला, घर तापवणारा फर्नेस सुरू होताना भिंतीतून यायची ती घरघर, आईच्या कुकरची शिट्टी, आणि आमच्या रस्त्यावरच्या साऱ्या लॉनमोअरची शनिवारची एकत्र सुरू होणारी कुरकुर. मी खिडकीपाशी बसून राहायची. बाहेर पाहण्यासारखं तसं काही नसायचं. समोरचं मेपलचं झाड, टपालाची गाडी, कुणीतरी कुत्रं घेऊन चाललेलं. पण मी पाहत बसले की तासच्या तास जायचे आणि आई स्वयंपाकघरातून म्हणायची, "रेवाची तंद्री लागली परत. पोळी करपेल तेव्हा जागी होईल." मी आठ वर्षांची असताना आम्ही अकोल्याहून इथं आलो. मधल्या काळात भाषा बदलली, शाळा बदलली, पण तंद्री तीच राहिली. आजही दवाखान्यात वाट पाहत बसले असताना नर्सला माझं नाव दोनदा पुकारावं लागतं. आता कुणी रागावत नाही, वय झालंय असं समजतात.

बाबा एका मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत इंजिनिअर होते. कारखान्यात नवं मशीन घ्यायचं की नाही हे ठरवण्याआधी त्याचा 'पेबॅक पिरियड' काढायचं काम त्यांच्याकडे असे. म्हणजे मशीनवर घातलेले पैसे किती दिवसांत सुटतील, ते किती वर्षं चालेल, आणि मोडीत काढलं तर काय येईल. हे काम ते दिवसभर करायचे आणि संध्याकाळी घरी घेऊन यायचे. डिशवॉशर, गालिचा, माझे दातांचे ब्रेसेस, सगळ्याची चर्चा रविवारी पोहे खाऊन झाल्यावर, चहाचा दुसरा कप हातात घेऊन व्हायची. पोह्यांवर आई ओलं खोबरं घालायची, ते फ्रोझन असायचं आणि नीट वितळलेलं नसलं तर दाताखाली गार लागायचं. तो गार घास आणि बाबांचं "बरं, आता बघू या" हे दोन्ही मला एकत्रच आठवतात. बाबा कंजूष नव्हते. खर्च करायला त्यांची कधीच ना नसायची, फक्त आपण का करतोय ते कळल्याशिवाय त्यांना झोप यायची नाही.

बारावी संपल्यावर मला काय करायचंय ते मलाच ठाऊक नव्हतं. म्हणून घराजवळच्या कम्युनिटी कॉलेजात नाव घातलं. बाबांच्या मते ही तात्पुरती सोय होती. दोन वर्षं इथं काढायची, कॉम्प्युटरकडे वळायचं आणि मग मोठ्या युनिव्हर्सिटीत जायचं. पहिल्या सत्रात एका विषयाची जागा रिकामी होती, तिथं मी क्रिमिनल जस्टिस, म्हणजे गुन्हे, पोलीस आणि कोर्टकचेरीचा विषय, घेतलं, तेही केवळ तास सकाळी उशिरा होता म्हणून. शिकवायला एक निवृत्त डिटेक्टिव्ह यायचे. जाडजूड माणूस, स्वेटरला कायम कुत्र्याचे केस. पहिल्याच दिवशी त्यांनी भिंतीवर एका रस्त्याचं चित्र दाखवलं, ते काढून घेतलं आणि म्हणाले, आता पाहिलंत ते लिहा. वाटलं ते नको, पाहिलं तेवढंच. वर्गातल्या मुलांनी चार ओळी लिहिल्या. मी लिहीतच राहिले. बाईच्या एका बुटाची लेस सुटलेली होती, दुकानाच्या दाराशी सावली दोन माणसांची होती आणि माणूस एकच होता. त्यांनी माझा कागद वाचला आणि इतकंच विचारलं, "तू कुठं होतीस इतके दिवस?" मला रडूच आलं. ज्या गोष्टीसाठी मी जन्मभर बोलणी खाल्ली होती ती कुणाच्या तरी उपयोगाची निघाली होती. त्या वर्षअखेर मी घरी सांगून टाकलं की मला डिग्री यातच करायची आहे.

त्यानंतरचे सगळे रविवार माझे. बाबा ओरडले नाहीत, ओरडले असते तर सोपं गेलं असतं. ते शांतपणे चष्मा पुसायचे आणि विचारायचे, "फी कमी आहे, मान्य. पण दोन वर्षं जातील त्यांचं काय? पोलीस व्हायला ही डिग्री लागते का? नाही लागली तर घ्यायची कशाला? लागली तर पगार वाढतो का? आणि मध्येच सोडलंस तर हिची स्क्रॅप व्हॅल्यू काय?" मी म्हणायची, "बाबा, आय ॲम नॉट अ मशीन." ते म्हणायचे, "मशीन असतीस तर एव्हाना ठरलं असतं." आई मध्ये पडायची नाही, पण मराठी मंडळाच्या पॉटलकला, म्हणजे प्रत्येकानं घरून एक पदार्थ आणायच्या जेवणाला, तिची फार ओढाताण व्हायची. तिथं कुणी काकू हातात वाटली डाळ घेऊन विचारायच्याच, "रेवा काय करतेय सध्या?" आई म्हणायची, "क्रिमिनल जस्टिस." मग काका लोकांपैकी कुणीतरी उजळलेल्या चेहऱ्यानं, "अरे वा, म्हणजे पुढे लॉ स्कूल," आणि आई अगदी हळू, "हो, साधारण त्याच दिशेनं."  पुढच्या सत्राची नोंदणी जुलैअखेर होती, आणि बाबांनी सांगून ठेवलं होतं की तोवर त्यांचं गणित बसलं नाही तर मी कॉम्प्युटर घ्यायचं. मीही कबूल केलं होतं, कारण बाबांचं गणित चुकतं हे सिद्ध करायची मला खुमखुमी होती.

नोंदणीआधीच्या मे महिन्यात अकोल्याहून नाना आले. नाना म्हणजे बाबांचे वडील, वीज मंडळातून निवृत्त झालेले, उंच, काटक, पहाटे उठणारे. देव आमच्या स्वयंपाकघरात मायक्रोवेव्हशेजारच्या कपाटात होते. नानांनी दार उघडून पाहिलं आणि पहिलाच प्रश्न, "फुलं कोठून आणता?" आम्ही फुलं आणतच नव्हतो. दुसऱ्या दिवसापासून नाना दह्याचा रिकामा डबा घेऊन फिरायला जाऊ लागले आणि येताना तो भरलेला असायचा. आधी डँडेलायनची पिवळी फुलं, ती दुपारपर्यंत मिटून जायची म्हणून नाना नाराज असायचे. मग लायलॅकचे जांभळे तुरे आले. आणि जूनमध्ये एके दिवशी देवांपुढे पिओनी आली. ज्यांनी पिओनी पाहिली नाही त्यांना काय सांगावं, गुलाबाला दुप्पट तिप्पट पाकळ्या द्याव्यात तसं ते फूल, फिकट गुलाबी, वाटीएवढं. गणपतीची मूर्ती लहान, ती त्यात दिसेनाशी व्हायची. सारं स्वयंपाकघर त्या वासानं भरून जायचं, फोडणीच्या वासालाही तो हटायचा नाही. ते दिवस आठवले की मला सकाळचं ऊन ओट्यावर पसरलेलं दिसतं, नानांचं पुटपुटणं ऐकू येतं, आणि त्या फुलांतून निघून ओट्यावर फिरणाऱ्या बारीक मुंग्या दिसतात. किती सुंदर दिवस होते ते. आईला वाटलं नानांना फुलांची जागा बाबांनी दाखवली, बाबांना वाटलं आईनं, आणि मी, जी दिवसभर पाहत बसायची, मला वाटलं आपल्याच मागच्या अंगणात उगवली असतील.

एका शनिवारी सकाळी दाराची बेल वाजली. दारात पोलीस ऑफिसर होती, चाळिशीची, केस घट्ट बांधलेले, टोपी काखेत. आईच्या हातातलं उलथनं तसंच राहिलं. बाबा तडक वर गेले आणि निळी फाइल घेऊन खाली आले. तिच्यात आमचे पासपोर्ट, व्हिसा, माझा जन्मदाखला, घराची कागदपत्रं, सगळं असायचं. दारात कुणी गणवेशातलं आलं की आपण आधी आपण कोण आहोत ते सिद्ध करायचं, हे त्यांच्या अंगातच भिनलेलं होतं. ऑफिसर म्हणाली की कागद नकोत, रोज सकाळी डबा घेऊन फिरणारे एक वयस्कर गृहस्थ इथं राहतात का. तेव्हा मला स्फुरण चढलं. वर्षभर शिकले होते ते काय उगीच? मी पुढे झाले आणि विचारलं, "इज ही बीइंग डिटेन्ड?" म्हणजे यांना ताब्यात घेताय का, आणि मागे वळून नानांना मराठीत बजावलं की एक अक्षर बोलू नका. नानांनी ऐकलं नाही. घरी पाहुणी आली आणि पूजा तर नुकतीच झालेली, म्हणून ते तबक घेऊन आले आणि तिच्या हातावर खडीसाखर ठेवली. तबकात पिओनीची तीन फुलं होती. ऑफिसरनं फुलांकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं, आणि मला वाटतं तिनं हसू गालातल्या गालात दाबलं. माझी पहिली केस तिथंच संपली.

ती म्हणाली की पलीकडच्या वळणावरच्या मिसेस हॅन्सननी तक्रार केली आहे. आठवडाभर त्यांची फुलं जातायत. लिहून घेतलं तर प्रकरण होईल, ते तिला नको होतं. त्यापेक्षा आपण सगळे चालत जाऊ आणि बोलू. नाना चपला शोधू लागले. तेवढ्यात बाबांनी फाइल काखेत धरून, अगदी अदबीनं, विचारलं की तिला पगार किती मिळतो. आई म्हणाली, "अहो, काय हे." पण ऑफिसरला राग आला नाही. तिनं सरळ सांगितलं, आणि बाबांनी माझ्याकडे बोट दाखवून कारण सांगितल्यावर आणखीही सांगितलं. ती आमच्याच कम्युनिटी कॉलेजात शिकली होती, हाच विषय घेऊन. तिच्या खात्यात भरती व्हायला पोलीस ॲकॅडमीचं प्रशिक्षण पुरे होतं, डिग्रीनं सुरुवातीचा पगार वाढला नाही. पुढे बढतीच्या वेळी थोडा उपयोग झाला असेल, तेही नक्की नाही. तिचा भाऊ लोकांचे फर्नेस दुरुस्त करतो आणि तिच्यापेक्षा जास्त कमावतो. गुडघे गेले, मुलांचे बरेच सण चुकले. बाबांनी विचारलं, "वुड यू डू इट अगेन?" ती म्हणाली, ते कुठल्या दिवशी विचारता त्यावर आहे. बाबांनी मान हलवली. मी जिंकायला निघालेलं गणित एका गणवेशातल्या बाईनं, माझ्याच दारात, बाबांच्या बाजूनं सोडवून दिलं होतं. 

आम्ही चालत निघालो. पुढे ऑफिसर, मग धोतर सावरत नाना, त्यांच्याजवळ मी, आणि बरेच मागे फाइल घेतलेले बाबा. गवतावर दव होतं, कुणाकडे तरी पाण्याचा फवारा फिरत होता, आणि मला ते सगळं झोपेत चालल्यासारखं वाटत होतं. नाना म्हणाले, "कुंपणच नाही तं मले वाटलं साऱ्यांचीच असतील." अकोल्यात पहाटे कुंपणावरून हात घालून जास्वंद, तगर तोडायची, घरमालकानं खिडकीतून ओरडायचं, आपण "देवाले नेतो" म्हणायचं, आणि उद्या पुन्हा तेच. तिथं ती चोरी नव्हती, फार तर कुरबूर होती. मिसेस हॅन्सन पायरीवर उभ्या होत्या, लहानखुऱ्या, हाताची घडी घातलेल्या. त्यांनी आम्हाला झाडांजवळ नेलं आणि नुसतं दाखवलं. देठ सगळे जागच्या जागी होते, पानांसकट. फक्त फुलं वरच्या वर खुडलेली. ते पाहून माझ्याच अंगावर काटा आला. त्या म्हणाल्या, फुलदाणीसाठी कुणी नेली असती तर देठ नेले असते. ही तर कुणीतरी रोज पहाटे येऊन मुंडकी उडवल्यासारखी. मी एकटी राहते, त्या म्हणाल्या. मला वाटलं कुणाचा तरी माझ्यावर राग आहे. त्यांना फुलांचं दुःख नव्हतंच. त्यांना भीती बसली होती.

देवाला फूल देठ खुडून वाहतात हे मला इतकं माहीत होतं की मी त्याचा कधी विचारच केला नव्हता. मी ते त्यांना सांगितलं. सांगताना ऑफिसर जरा बाजूला सरकली आणि मला जागा करून दिली. नाना विचारत होते, "काय म्हणते वं ही?" आता मला त्यांना सांगायचं होतं. गोड करून सांगता आलं असतं, त्या रागावल्या नाहीत, चला घरी. मी तसं केलं नाही. मी म्हटलं, "नाना, तुमच्यामुळे त्या आठवडाभर घाबरून आहेत."  "मी तिले घाबरवलं?" नाना तिथंच झाडांशेजारच्या पायरीवर बसले. मग हात जोडून म्हणाले, "सांग तिले, चुकलं माझं. फुलं देवाले नेली, पण विचारून न्यायले पाह्यजे होती." मी जसंच्या तसं सांगितलं.  कुठलातरी पक्षी एकच सूर पुन्हा पुन्हा लावत होता. मग मिसेस हॅन्सननी विचारलं, "डिड योर गॉड लाइक देम?" मी नानांना विचारलं. नाना गंभीरपणे म्हणाले, "हो सांग. खूप आवडली." आणि त्या हसल्या, आणि हसताना त्यांचे डोळे भरून आले, आणि माझेही. त्या दोन म्हाताऱ्या माणसांच्या मध्ये मी उभी होते, एकाचं दुसऱ्याला पोचवत, आणि मला त्या क्षणी स्वच्छ कळलं की मला पोलीस व्हायचं नाहीये. मला इथं उभं राहायचंय, ज्याच्या हातून घडलं आणि ज्याला सोसावं लागलं त्यांच्या मधोमध. अशी नोकरी असते की नाही तेही मला माहीत नव्हतं.

असते. पुढे मी प्रोबेशनच्या, म्हणजे शिक्षा झालेल्यांवर तुरुंगाबाहेर लक्ष ठेवणाऱ्या खात्यात गेले आणि निवृत्त होईपर्यंत तेच केलं. सगळ्याच सकाळी अशा नव्हत्या. समोरासमोर बसवलेली कितीतरी माणसं उठून निघून गेली, काहींनी माझ्यादेखत एकमेकांना शिव्या घातल्या. माझ्या चुलत भावंडांची घरं माझ्या घराच्या दुप्पट आहेत आणि त्यांच्या मुलांना मी नक्की काय करत होते ते अजून सांगता येत नाही. तरुण मुलं मला विचारतात की ही डिग्री घ्यावी का. तेव्हा मी त्या ऑफिसरनं सांगितलं तेच सांगते, आणि त्यांचे चेहरे पडलेले पाहते. पण तेव्हा हे पुढचं काही मला दिसत नव्हतं. त्या शनिवारनंतर बाबांनी रविवारची चर्चाच बंद केली. पोहे व्हायचे, चहाचा दुसरा कप व्हायचा, आणि बाबा लॉन कापायला निघून जायचे. नानांनी पिओनीला पुन्हा हात लावला नाही, मिसेस हॅन्सननी बोलावूनही. आई दुकानातून फुलांचा गुच्छ आणायची आणि ओट्यापाशी उभी राहून एकेक फूल देठावेगळं करायची. बाबांचं ठरलंय, हे मी समजून गेले. कॉम्प्युटरच्या पहिल्या विषयाचं पुस्तक कुणाकडून तरी मागून आणलं, उघडून पाहिलं आणि उशीखाली ठेवलं.

नोंदणीच्या दिवशी बाबा म्हणाले, मी तुला कॉलेजात सोडतो. कॉलेजच्या पार्किंगमध्ये त्यांनी गाडी सावलीत लावली आणि बंद केली. ऑगस्ट जवळ आला होता, काचेबाहेर सगळं पांढुरकं दिसत होतं. 

"गणित बसत नाही, रेवा," ते म्हणाले. "मी सगळ्या बाजूंनी करून पाहिलं. त्या ऑफिसरनं सांगितलं ते खरंच आहे. हे पैसे, ही वर्षं, परत येणार नाहीत."

"हो बाबा. मी कॉम्प्युटर घेते. आपलं ठरलं होतं."

"ऐकून तर घे. नानांना इथं आणायचं ठरवलं तेव्हा मी पेबॅक काढला होता का? तुझी आजी आजारी होती तेव्हा मी अकोल्याला जात होतो, ती काही बरी होणार नव्हती, मला ठाऊक होतं. तरी जात होतो." ते चष्मा पुसू लागले. "तुझं हे शिक्षण मी उगीच मशीनच्या हिशोबात धरत होतो. ते तिथलं नाही. तू त्या दोघांच्या मध्ये बोलत होतीस ना, मी मागे उभा होतो. जा, तुला हवं तेच घे."

मी कितीतरी महिने याच शब्दांची वाट पाहत होते, आणि ते आले तेव्हा मला आनंद झाला नाही, भीती वाटली. बाबांचं गणित उभं होतं तोवर मला त्याच्याशी भांडता येत होतं. हरले असते तर जन्मभर त्यांच्यावर रुसून राहता आलं असतं. आता ते म्हणत होते की त्यांचं गणित बरोबर आहे आणि तरीही मी जावं. यापुढे चुकले तर ते चुकणं माझं एकटीचं होतं.

"बाबा, मला जमेल?" मी विचारलं.

"ते मला कसं कळणार?" बाबा म्हणाले. "मी इथंच थांबतो."

मी उतरले आणि कॉलेजच्या दाराकडे चालू लागले. मागे वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर परत गाडीत जाऊन बसले असते.